बाळंतपणाची तारीख सांगणारी साधने: चकती, ॲप आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट

पुण्यातल्या एखाद्या घरात दिवस राहिल्याची बातमी कळली की तारीख काढण्याची साधने आपोआप गोळा होऊ लागतात. डॉक्टरांच्या टेबलावर औषध कंपनीचे नाव मिरवणारी पुठ्ठ्याची चकती असते, घरातली तरुण मंडळी फोनवर एखादे ॲप घेतात, सासूबाई भिंतीवरच्या कालनिर्णयाची पाने उलटत बोटांच्या पेरांवर महिने मोजतात आणि पुढे सोनोग्राफीचा रिपोर्ट आपली वेगळीच तारीख घेऊन येतो. माझी धाकटी बहीण कोथरूडला राहते. तिच्या गरोदरपणात ही सगळी साधने शेजारी शेजारी ठेवून पाहता आली, आणि त्यांचे परीक्षण लिहावेसे वाटले ते अशासाठी, की प्रत्येक साधन आपली तारीख ठणकावून सांगते, पण ती किती दिवस इकडेतिकडे होऊ शकते हे सांगण्याची तसदी त्यांतले फारच थोडे घेतात. माझ्या मते साधनाची पारख याच एका गोष्टीवरून करायला हवी.

बहिणीचे आकडे आधी देते, म्हणजे पुढचा हिशेब समजायला सोपा जाईल. तिच्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ५ मे हा होता आणि तिची पाळी साधारण ३५ दिवसांनी येते. ती तारीख फोनमध्ये नोंदवून ठेवणारी असल्यामुळे निदान तेवढ्यापुरता वाद नव्हता. अनेकींच्या बाबतीत घोळ तिथेच सुरू होतो. दवाखान्यात विचारल्यावर तारीख आठवत नाही, मग १, ५ किंवा १५ असा सोयीचा आकडा सांगितला जातो, नाहीतर ‘गणपतीच्या आसपास’ एवढ्यावर भागवले जाते. आणि गर्भ रुजताना कधीकधी जो थोडासा रक्तस्राव होतो, तोच पाळी म्हणून नोंदवला गेला तर हिशेब जवळजवळ महिनाभराने चुकतो. साधन कितीही चांगले असले तरी त्याला चुकीचा पहिला दिवस सांगितल्यावर ते बिचारे काय करणार?

चकती हे या सगळ्यांत जुने आणि दिसायला सुबक साधन आहे. दोन गोल पुठ्ठे मधोमध एका छोट्या खिळ्याने जोडलेले असतात. बाहेरच्या कडेवर वर्षाचे दिवस आणि आतल्या कडेवर गरोदरपणाचे आठवडे छापलेले असतात. आतला बाण पाळीच्या पहिल्या दिवसावर आणून ठेवला की चाळिसाव्या आठवड्यासमोर प्रसूतीची अपेक्षित तारीख दिसते. तळहाताएवढ्या चकतीवर ३६५ रेघा बसवायच्या म्हणजे एका दिवसाच्या वाट्याला एका अंशाहूनही कमी जागा येते आणि बाणाचे टोकच दीडदोन दिवस झाकून टाकते. वापरून वापरून खिळा सैल झालेला असेल तर आतले वर्तुळ हात लागताच सरकते. लीप वर्षातल्या २९ फेब्रुवारीची दखल बहुतेक चकत्या घेत नाहीत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चकत्या एकाच तारखेवर लावून पाहिल्या तर उत्तरांत एकदोन दिवसांचा फरक सहज पडतो. समोर बसलेल्या पेशंटला साधारण कितवा आठवडा चालू आहे याचा डॉक्टरांना झटकन अंदाज यावा एवढ्यापुरती चकती उत्तम आहे. फाइलवर लिहायची तारीख मात्र तिच्यावरून घेऊ नये.

चकतीच्या, ॲपच्या आणि बोटांच्या पेरांच्याही मुळाशी नियम एकच असतो. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले यांच्या नावाने तो एकोणिसाव्या शतकापासून ओळखला जातो आणि त्याचे मूळ त्याआधीच्या शतकातले डच वैद्य हर्मान बूरहाव्ह यांच्यापर्यंत जाते. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, किंवा सरळ २८० दिवस मोजायचे, एवढाच तो नियम. आपल्याकडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ त्याच्या इतके जवळचे आहे की सासूबाईंच्या पेरांना मी तरी हसणार नाही. गंमत अशी की या नियमाच्या दोन रीती नेहमी एकच उत्तर देत नाहीत. ५ मे या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले तर १२ फेब्रुवारी येते आणि २८० दिवस मोजले तर ९ फेब्रुवारी येते, कारण मे ते जानेवारी या नऊ महिन्यांत ३१ दिवसांचे महिने सहा पडतात, छोटा फेब्रुवारी त्यांत येत नाही आणि महिने मोजणाऱ्याचे एकूण २८३ दिवस होतात. तीच पाळी ५ ऑगस्टला आलेली असती आणि वर्ष लीप नसते, तर दोन्ही रीतींनी १२ मे हीच तारीख आली असती. घरात फोन आणि कालनिर्णय यांच्यात तीन दिवसांचे भांडण लागले तर ते सहसा याच कारणाने लागलेले असते आणि त्यात कोणीच खोटे बोलत नसते.

तीन दिवसांकडे दुर्लक्ष करता येते. त्याहून मोठी अडचण नियमाच्या गृहीतकात आहे. पाळी २८ दिवसांची आहे आणि चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते असे तो धरून चालतो. पाळी लांबणाऱ्या स्त्रियांमध्ये लांबतो तो मुख्यतः बीज सुटण्याआधीचा काळ. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये दोन आठवड्यांच्या आसपासच राहतो. म्हणजे ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या माझ्या बहिणीचे बीज सुटले असेल ते एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, आणि तिची तारीख सात दिवस पुढे सरकवून १६ फेब्रुवारी धरणे अधिक रास्त ठरते. पीसीओडी (अंडाशयाचा एक विकार) असलेल्या मुलींची पाळी कधी ३२ तर कधी ५० दिवसांनी येते, त्यांच्यासाठी पाळीवरून काढलेली कोणतीही तारीख तात्पुरतीच समजावी. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर लगेच किंवा बाळाला अंगावर पाजत असताना दिवस राहिले असतील तरी हेच लागू होते.

आता ॲपकडे वळते. मी जी ॲप चाळली त्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण दोष कमीअधिक प्रमाणात सगळ्यांत सारखेच आहेत. चांगल्या ॲपची खूण अशी की ते पाळीच्या पहिल्या दिवसाबरोबर पाळीचे अंतरही विचारते. अनेक ॲप ते विचारतात खरे, पण त्या रकान्यात २८ हा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो आणि घाईघाईत बोट ‘पुढे’वर जाते, माझ्या बहिणीला आधी ९ फेब्रुवारी मिळाली ती अशीच, आणि २८ पुसून ३५ भरल्यावर त्याच ॲपने १६ फेब्रुवारी दाखवली. एकाच पडद्यावरच्या एका रकान्याने आठवडाभराचा फरक पडतो, तरी त्या रकान्याचे महत्त्व सांगणारे एक वाक्यही तिथे नव्हते. उलट ‘आता फक्त इतके दिवस उरले’ असे आकडे मात्र रोज सकाळी न चुकता येत होते. टेस्ट ट्यूब पद्धतीने दिवस राहिलेल्यांसाठी काही ॲपमध्ये वेगळा पर्याय असतो आणि तो चोख काम करतो, कारण तिथे अंदाजाला जागाच नसते: पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवस आणि तीन दिवसांचा सोडला असेल तर २६३ दिवस मोजायचे. बाळ या आठवड्यात कोणत्या फळाएवढे झाले आहे हे सांगणारे रंगीत चित्र सगळ्यांना आवडते. मात्र आमच्याकडच्या आजींना ब्लूबेरी म्हणजे काय हे समजावताना करवंदाचा आधार घ्यावा लागला.

ॲप आणि रिपोर्ट यांच्यातल्या आणखी एका विसंगतीने घरोघरी गोंधळ उडतो. रिपोर्टमध्ये ‘८ आठवडे २ दिवस’ असे लिहिलेले असते तेव्हा आठ आठवडे पूर्ण झाले असा त्याचा अर्थ असतो. त्याच दिवशी ॲप ‘नववा आठवडा’ असे सांगते, कारण ते चालू आठवडा मोजते. दोघांचेही बरोबर असते, पण एका आठवड्याने बाळ मागे पडले की काय, या शंकेने रात्रीची झोप उडते. नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांच्या घरी तर याहून नाजूक प्रसंग ओढवतो. गरोदरपणाचे आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे प्रत्यक्षात गर्भ नसतोच. लग्नाला सहा आठवडे झालेले असताना रिपोर्टवर आठ आठवडे लिहून आले की काही घरांत नको ते प्रश्न विचारले जातात. आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले आहेत, अशी मराठीत एक ओळ रिपोर्टवर छापली, तर कितीतरी मुलींची अकारण होणारी घुसमट टळेल. ॲप बनवणारे, चकती छापणारे आणि सोनोग्राफी केंद्रे अशा तिघांविषयीही माझी ही तक्रार आहे.

या सर्व साधनांमध्ये खरी भिस्त ठेवावी ती पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवर. केंद्रात शिरताच ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी दिसते, गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे ‘एफ’ फॉर्म भरून ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, आणि त्या फॉर्मवरही पाळीची तारीख विचारलेली असते. तपासणी पोटावरून असेल तर पाणी पिऊन थांबायला सांगतात. फार लवकरच्या आठवड्यांत आतून केलेल्या तपासणीत चित्र अधिक स्पष्ट येते. बहिणीच्या तपासणीच्या वेळी मी आत होते. डॉक्टरांनी बाळाचे चित्र पडद्यावर थांबवले, एक खूण डोक्याच्या टोकाला आणि दुसरी बुडाच्या टोकाला ठेवली, मग चित्र पुन्हा चालू करून, पुन्हा थांबवून तीच लांबी परत मोजली. हातपाय आणि शेजारची पोषक पिशवी त्या मापात येऊ नये याची काळजी घेतली. या लांबीला रिपोर्टवर ‘सी.आर.एल.’ म्हणतात. ग्लासगोच्या रॉबिन्सन यांनी १९७३ साली या मापावरून गर्भाचे वय काढण्याची पद्धत मांडली, आणि आजही गरोदरपणाची तारीख ठरवण्यासाठी यापेक्षा भरवशाचे माप नाही, कारण या आठवड्यांत सगळ्यांची बाळे जवळजवळ एकाच गतीने वाढतात. आईची उंची, आहार, वडिलांची अंगकाठी यांचा फरक अजून दिसू लागलेला नसतो.

बहिणीची सोनोग्राफी २ जुलैला झाली. पाळीच्या हिशेबाने त्या दिवशी ८ आठवडे २ दिवस व्हायला हवे होते; लांबी भरली १२ मिलिमीटर, म्हणजे ७ आठवडे ३ दिवस. सहा दिवस कमी भरल्याचे ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला, तेव्हा डॉक्टरांनी पाळीचे अंतर विचारले आणि ३५ दिवस हे उत्तर मिळताच, “अहो आजी, बाळ मागे नाही, आपणच पुढचे मोजत होतो,” असे सांगून १५ फेब्रुवारी ही तारीख लिहून दिली. आधी काढलेल्या १६ फेब्रुवारीच्या ती किती जवळ आली हे वाचकांच्या लक्षात आले असेल. किती फरक पडला तर तारीख बदलावी यालाही नियम आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शनानुसार नववा आठवडा पूर्ण होण्याआधी पाच दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तरच तारीख बदलतात. नऊ ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान सात दिवसांपेक्षा जास्त, सोळा ते बावीसमध्ये दहा दिवसांपेक्षा जास्त, बावीस ते अठ्ठावीसमध्ये चौदा दिवसांपेक्षा जास्त, आणि अठ्ठावीस आठवड्यांनंतर एकवीस दिवसांपेक्षा जास्त फरक असला तरच पाळीची तारीख बाजूला ठेवण्याचा विचार होतो. हे वाढत जाणारे आकडे सोनोग्राफीच्या अचूकतेचा उतरता भाव सांगतात. आणि हे सगळे पहिल्यांदा तारीख ठरवतानाचे आहे. सुरुवातीच्या सोनोग्राफीने तारीख एकदा पक्की झाली की पुढच्या कोणत्याही सोनोग्राफीने ती बदलायची नसते.

नेमके हेच आमच्या वाट्याला आलेल्या दुसऱ्या एका केंद्रात पाळले गेले नाही. डिसेंबरच्या मध्यावर ग्रोथ स्कॅन, म्हणजे बाळाची वाढ तपासणारी सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर एका ओळीत पाळीवरून काढलेली तारीख आणि तिच्याखाली सोनोग्राफीवरून काढलेली म्हणून ३ फेब्रुवारी अशी तारीख छापून आली. जुलैत पक्की केलेल्या १५ फेब्रुवारीचा कुठे उल्लेखही नव्हता. रिपोर्ट हातात देणाऱ्या मुलीने वर, “ताई, तारीख अलीकडे आलीये हं, तयारीत राहा,” असा सल्ला दिला. त्या संध्याकाळी बाळंतविड्यापासून सुट्टीच्या अर्जापर्यंत सगळ्याची फेरजुळणी सुरू झाली. प्रत्यक्षात घडले होते एवढेच, की यंत्राने बाळाचे डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजून त्यांच्या सरासरीवरून वय काढले होते. बाळ जरा मोठे भरले, म्हणून यंत्राने त्याला बारा दिवसांनी वयस्कर ठरवले. या टप्प्यावर बाळांच्या आकारांत नैसर्गिक फरक पडलेला असतो, त्यामुळे हे वय केवळ आकाराचे असते. या चुकीची उलटी बाजू अधिक गंभीर आहे. बाळाची वाढ खरोखर खुंटली असेल आणि कोणी तारीख पुढे ढकलून ‘बाळ वयाच्या मानाने ठीक आहे’ असे म्हटले, तर ज्या गोष्टीसाठी ग्रोथ स्कॅन करायचा तीच नजरेआड होते. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रसूतितज्ज्ञ बाईंनी ३ फेब्रुवारीवर एक आडवी रेघ मारली आणि वाढीचे आकडे तेवढे वाचले.

यंत्रात कोणाचे सूत्र बसवले आहे याचाही परिणाम होतो. बऱ्याच रिपोर्टवर मापांशेजारी ‘हॅडलॉक’ असे नाव दिसते. ती सूत्रे अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मापांवरून बनवलेली आहेत. नंतर आठ देशांतल्या स्त्रियांना घेऊन झालेल्या ‘इंटरग्रोथ-२१’ या प्रकल्पात आपले नागपूर हे एक केंद्र होते आणि त्यातून सुरुवातीच्या आठवड्यांचे नवे कोष्टक २०१४ साली प्रसिद्ध झाले. आयआयटी मद्रास आणि फरिदाबादची टीएचएसटीआय ही आरोग्य-संशोधन संस्था यांनी मिळून भारतीय स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेले, दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत गर्भाचे वय काढण्यासाठीचे ‘गर्भिणी-जीए२’ हे प्रारूप २०२४ मध्ये जाहीर केले. उशिरा नाव नोंदवणाऱ्या स्त्रियांसाठी हे काम मोलाचे आहे, कारण सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीचा भरही दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीवर आहे आणि तोवर सी.आर.एल. मोजण्याची वेळ निघून गेलेली असते.

इतके करून हाती आलेली १५ फेब्रुवारी तरी किती खरी? तारीख अचूक काढणे आणि बाळाने त्याच दिवशी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमक्या अपेक्षित दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चारपाचच असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२५ गरोदरपणांमध्ये बीज सुटण्याचा दिवस हार्मोनच्या चाचण्यांनी ठरवला होता; बीज सुटल्यापासून प्रसूतीपर्यंतचा मध्यवर्ती काळ २६८ दिवस निघाला, पण अपुऱ्या दिवसांची बाळे वगळल्यावरही सर्वांत लहान आणि सर्वांत लांब गरोदरपणात ३७ दिवसांचे अंतर राहिले. आमचे बाळ कधी झाले ते मी इथे मुद्दाम सांगत नाही, कारण एका बाळंतपणावरून कोणत्याही साधनाला शाबासकी किंवा दोष देणे बरोबर होणार नाही.

मग एवढी घासाघीस कशासाठी, असे कोणी विचारेल. एन.टी. स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) अकरा ते चौदा आठवड्यांच्या आतच करावा लागतो. हिंजवडीतल्या कंपनीला बहिणीने रजेचा अर्ज दिला तेव्हा डॉक्टरांच्या पत्रावरची अपेक्षित तारीखच ग्राह्य धरली गेली, कारण २०१७ च्या दुरुस्तीनंतर मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या प्रसूतिरजेपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे त्या तारखेआधी घेता येतात. दिवस उलटून गेल्यावर कळा आणण्याचा निर्णयही याच तारखेवर होतो. आणि मुहूर्त पाहून सिझेरियन ठरवणाऱ्यांनी तर हा विषय फारच मनावर घ्यावा: एकोणचाळीस आठवड्यांआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते, तेव्हा चुकीच्या तारखेवर बेतलेला मुहूर्त गुरुजींनी कितीही शुभ सांगितला तरी बाळाला तो महागात पडू शकतो.

पैसे आणि वेळ कुठे खर्च करावा हे विचाराल तर ॲप फुकटचेच वापरावे, त्यात पाळीचे खरे अंतर भरावे आणि त्याने दाखवलेली तारीख पहिल्या सोनोग्राफीपर्यंतच मनात ठेवावी. चकती विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. पहिली सोनोग्राफी मात्र खर्च वाचवण्यासाठी पुढे ढकलू नये, आणि ती झाल्यावर ठरलेली तारीख डॉक्टरांकडून माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून, जुनी तारीख खोडून, शेजारी सही घ्यावी. रात्री-अपरात्री दवाखान्यात गेल्यावर ड्युटीवरचे डॉक्टर तेच कार्ड आधी उघडतात, आणि त्यावर दोन तारखा असतील तर कोणती धरायची हे त्या वेळी कळा सोसणाऱ्या पेशंटलाच विचारले जाते.